कपाटातले साहित्य वर्गात कधी येणार?

राज्यातील एखाद्या जुन्या जिल्हा परिषद शाळेचे लोखंडी कपाट उघडून पाहिले, तर सरकारी शिक्षण योजनांचा तीन-चार दशकांचा इतिहास त्यात थराथराने रचलेला सापडतो. तळाशी खडू-फळा मोहिमेतली विज्ञानपेटी, तिच्यावर गुंडाळून ठेवलेले नकाशे, मग सर्व शिक्षा अभियानाच्या काळातील तक्ते आणि शब्दपट्ट्या, त्यावर गणिताची पेटी आणि सर्वांत वर एखादा बंद पडलेला प्रोजेक्टर. यातील बऱ्याच वस्तू कोऱ्याच असतात. शहरातून पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी पहिली शंका येते ती शिक्षकाच्या कामसूपणाची. काही ठिकाणी ती खरीही असेल. परंतु इतक्या साऱ्या शाळांमध्ये कपाट एकाच पद्धतीने बंद राहत असेल, तर त्याचे कारण केवळ व्यक्तींच्या स्वभावात शोधून भागणार नाही.

एक कारण अगदीच कारकुनी आहे. शाळेला मिळालेली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे शिक्षकांच्या बोलीत ‘डेडस्टॉक’मध्ये, चढते. ती हरवली वा फुटली, तर उत्तर मुख्याध्यापकाने द्यायचे. मुलांच्या हाती दिलेले भिंग कधी तरी फुटणारच. किंबहुना पाच वर्षे न फुटलेले भिंग वापरलेच गेले नाही, असे खुशाल समजावे. पण तपासणीला येणारा अधिकारी फुटलेल्या भिंगाची चौकशी करतो, न वापरलेल्या भिंगाची करीत नाही. मग कुलूप लावणे हेच शहाणपणाचे ठरते. दुसरे कारण याहून खोल आहे. साहित्य एका योजनेतून येते, प्रशिक्षण दुसऱ्या योजनेतून; आणि त्या दोहोंची गाठ जिथे पडायला हवी त्या वर्गात शिक्षक एकटा असतो.

योजनांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. प्राथमिक शाळांतील शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पोटापुरते वेतन मिळावे, ही मागणी महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली होती. शिक्षकाला किमान बारा रुपये आणि मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये द्यावेत, असा आकडाही त्यांनी दिला होता. स्वातंत्र्यानंतर १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विषयाला पहिली मोठी चालना दिली. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली : प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकविण्याचे आवश्यक साहित्य. त्याच धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आजचे ‘डाएट’, उभ्या राहिल्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये केंद्रशाळांची योजना आणली. सुमारे दहा शाळांचे एक केंद्र, त्यावर एक केंद्रप्रमुख, अशी राज्यभरात ४,८६० केंद्रे निर्माण झाली. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानाने प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी वीस दिवसांचे सेवांतर्गत प्रशिक्षण आणि साहित्यनिर्मितीसाठी पाचशे रुपये देण्याची तरतूद केली. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘निष्ठा’ हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा देशभरातील सुमारे ४२ लाख शिक्षक व मुख्याध्यापकांना प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. २०२० च्या नव्या धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे.

एवढे होऊनही वर्गातील अध्यापन फारसे का बदलत नाही, हे समजण्यासाठी प्रशिक्षण खालपर्यंत कसे पोहोचते ते पाहिले पाहिजे. राज्य पातळीवर काही निवडक तज्ज्ञ एखादा विषय तयार करतात. ते जिल्ह्याच्या मार्गदर्शकांना शिकवितात, जिल्ह्याचे तालुक्याच्या सुलभकांना आणि तालुक्याचे सुलभक शिक्षकांना. वरच्या पायरीवर आठवडाभर चर्चिलेली गोष्ट खालच्या पायरीवर दोन-तीन दिवसांत उरकली जाते. शेवटच्या सभागृहात शंभर शिक्षक आणि एक ध्वनिक्षेपक असतो. तिथपर्यंत मूळ कल्पनेतील प्रश्न, शंका, वादविवाद गळून पडतात आणि उरते ती घटकसंच नावाची छापील पुस्तिका. शिक्षकाने काय करावे हे तिच्यात असते. मात्र त्याने तसे केले आणि मुलाने अनपेक्षित उत्तर दिले, तर पुढे काय, हे नसते. शिकविण्याची सारी कसोटी तर तिथेच लागते.

एक साधे उदाहरण घेऊ. दुसरी-तिसरीतील मुलाला ५२ मधून २७ वजा करायला सांगितले, तर अनेक मुले ३५ हे उत्तर लिहितात. शिक्षकाच्या लाल शाईने त्यावर फुली पडते, आणि मूल ‘कच्चे’ ठरते. वास्तविक या मुलाने आळस केलेला नाही. दोनातून सात जात नाहीत हे त्याला ठाऊक आहे, म्हणून त्याने सातातून दोन काढले. पाचातून दोन काढले. मोठ्यातून लहान काढायचे, हा त्याचा नियम त्याने चोख पाळला. त्याला न कळलेली गोष्ट एकच : ५२ मधील पाच हे पाच नव्हेत, ते पाच दशक आहेत. या मुलाला ‘शेजारच्या घरातून हातचा घे’ असे पुन्हा पुन्हा सांगून उपयोग नाही. शेजारच्या घरात एक मागितला तर दहा कसे मिळतात, हे कोडे त्याला सुटलेले नसते.

इथे साहित्याचे काम सुरू होते. झाडूच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलापुढे ठेवल्या आणि त्यातून सत्तावीस काड्या मागितल्या, तर सुट्या सात काड्या देता येत नाहीत, हे त्याला आपोआप दिसते. थोडा वेळ तो थांबतो. मग कोणी न सांगताच एका गठ्ठ्याचा दोरा सोडतो. आता सुट्या काड्या बारा झाल्या, गठ्ठे चार राहिले. सात काड्या आणि दोन गठ्ठे दिल्यावर दोन गठ्ठे आणि पाच काड्या उरतात. कागदावर जी युक्ती वाटत होती, ती हाताने केलेली क्रिया ठरते. या साऱ्याला खर्च शून्य आहे. मात्र शिक्षकाला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : ३५ या उत्तरामागचा विचार काय, दोरा सोडण्याचा क्षण मुलाला स्वतः गाठू देणे का महत्त्वाचे, आणि काड्या बाजूला ठेवून पुन्हा कागदाकडे केव्हा वळायचे. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. मूल काड्यांना चिकटून बसले, तर तेही एक प्रकारचे पाठांतरच होते. हे ज्ञान कोणत्याही पेटीसोबत येत नाही आणि ध्वनिक्षेपकावरून तर मुळीच पोहोचत नाही. ते येते वर्ग पाहून, करून, चुकून आणि दुसऱ्या शिक्षकाशी बोलून.

संख्यांचाच विषय निघाला आहे, तर २०१९ मधील वाद आठवावा. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’ यांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची दुसरी रीत दिली गेली आणि महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. त्याचे पडसाद विधिमंडळातही उमटले. विनोदांना तर ऊत आला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा असलेल्या दिवंगत डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलामागील कारण शांतपणे समजावून सांगितले होते. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. त्यामुळे अनेक मुले पंचवीस ऐकून ५२ लिहितात. त्यात ‘त्र्याण्णव’सारखी जोडाक्षरे आली की, लहान मुलाची आणखीच तारांबळ उडते. या रीतीबद्दल मतभेद असू शकतात. पण अध्यापनाच्या दृष्टीने हा एक साधा आधार होता, जुन्या नावांना पर्याय नव्हे. तो पुस्तकात छापला गेला, मात्र त्याची उकल पालकांपुढे करू शकणारा गावोगावचा शिक्षक त्यासाठी पुरेसा तयार केला गेला नव्हता. पुस्तक पोहोचले, विचार मागे राहिला. मग निर्णय वाहिन्यांवरील चर्चेत लागला.

साहित्य आणि शिक्षकाची तयारी यांची सांगड घालता येते, याची उदाहरणे आपल्या आसपासच आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी काम करताना माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवली आणि दगडगोटे, बिया, शिंपले, पाने यांतून साधने घडविली. यात काटकसर होतीच, पण त्याहून मोठी बाब अशी की, ही साधने घडविणाऱ्या शिक्षिकेला त्यांचे प्रयोजन पुरते ठाऊक असे. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा शाळांतून सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम हे दुसरे उदाहरण. पुण्यात मोटार कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता रजा घेऊन तिथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले, ही गोष्ट अनेकांना माहीत असते. त्या कार्यक्रमाची खरी ताकद मात्र फारशी कोणी सांगत नाही. तिथे शाळेला प्रयोगपेटी मिळे, सुट्टीत शिक्षकांचे दीर्घ प्रशिक्षण होई, त्यानंतर वर्षभर दर महिन्याला शिक्षक एकत्र बसत आणि मधल्या काळात साथीदार शिक्षक वर्गावर जाऊन मदत करीत. पेटी, प्रशिक्षण, मासिक बैठक आणि वर्गभेट हे चारही एकाच दोरात ओवलेले होते. पुढे सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये तेथील सरकारने बंद केला, ही खेदाची बाब.

महाराष्ट्राला असा दोर नव्याने वळण्याची गरज नाही. केंद्रशाळेच्या रूपाने तो १९९४ पासून आपल्या हाती आहे. केंद्रातील शिक्षकांनी महिन्यातून एकदा शिक्षण परिषदेसाठी जमावे, कोणी एकाने आदर्श पाठ घ्यावा, इतरांनी अडचणी मांडाव्यात आणि केंद्रप्रमुखाने उरलेल्या दिवसांत वर्गावर जाऊन हातभार लावावा, अशी ही कल्पना. जपानमध्ये ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणजे ‘पाठ-अभ्यास’ नावाची जी जुनी परंपरा आहे, तिच्याशी या कल्पनेचे जवळचे नाते लागते. तिथे काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, त्यातील एक जण तो मुलांपुढे घेतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे पाहतात आणि नंतर शिक्षकाच्या नव्हे, तर पाठाच्या गुणदोषांची चिकित्सा होते. या शेवटच्या भेदाला फार महत्त्व आहे. पाठ चुकला असे म्हणता आले, की शिक्षकाला आपली अडचण मोकळेपणाने सांगता येते.

आपल्या केंद्रात मात्र बहुधा काय होते? परिषदेचा पूर्वार्ध परिपत्रकांच्या वाचनात आणि राहिलेल्या माहितीच्या तगाद्यात जातो. आदर्श पाठ होतो, टाळ्या होतात आणि उरलेला वेळ शालेय पोषण आहार, शिष्यवृत्ती, आधार जोडणी, यू-डायसचे रकाने यांत सरतो. केंद्रप्रमुखांची पदे तर वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने रिकामी राहिली. एकेकाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार आला. असा माणूस वर्गावर जाऊन दोरा सोडणाऱ्या मुलाकडे पाहणार केव्हा? तो टपालाचा माणूस होतो. खरे तर साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोलाचे पद हेच आहे, आणि तेच आपण माहिती गोळा करण्यात खर्ची घातले आहे.

जिथे केंद्र वा बीट जिवंत राहिले, तिथे चित्र वेगळे दिसले. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने शिक्षकांनी एकत्र वाचन केले, वर्गात करून पाहिले आणि ज्ञानरचनावादाला जिल्हा परिषदेच्या वर्गात उतरविले. ते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली आणि २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या काळात त्याचा सर्वत्र बोलबाला झाला. पुढे जे घडले तेही बोलके आहे. पाहून परतलेल्यांपैकी अनेकांनी सर्वांत आधी उचलली ती रंगविलेली फरशी. गावोगावच्या वर्गांत तेलरंगाने अंक, अक्षरे, वर्तुळे उमटली. कुमठ्याच्या शिक्षकांनी त्या फरशीपर्यंत येण्यापूर्वी केलेली चर्चा, वाचन, फसलेले प्रयोग यांचे छायाचित्र कोणाला काढता येत नव्हते. त्यामुळे काही शाळांत फरशी बोलू लागली, तर काहींत ती नुसतीच रंगीत राहिली.

या सगळ्याच्या मुळाशी वेळेचा प्रश्न आहे आणि तो शहरी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. खेड्यातील द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळतो. एका इयत्तेला काड्यांची वजाबाकी करू द्यायची, दुसरीला वाचायला बसवायचे, तिसरीला लेखनाचे काम द्यायचे, ही कसरत रोजची. तिच्यासाठी टाचण काढायचे म्हटले, तर एका दिवसाची तयारी शहरातल्या शिक्षकाच्या तिप्पट होते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास सांगितले आहेत, ते तयारीच्या तासांसह. म्हणजे तयारी हा कामाचा भाग असल्याचे कायद्याने मान्य केले आहे. त्याच कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई केली आहे. भ्रमणध्वनीवर रात्री नऊला येणारा ‘सकाळी अकरापर्यंत माहिती पाठवा’ हा निरोप या कलमात बसतो की नाही, याचा खल कोणी करीत नाही. शिक्षक निमूटपणे माहिती भरतो आणि तयारीचे तास त्यातच जातात.

डिजिटल माध्यमांनी हा पेच सुटेल, अशी आशा अनेकांना होती. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठामुळे पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून दृश्यफिती, सराव, प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम शिक्षकाच्या हाती आले, हे खरेच मोठे काम झाले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो क्यूआर कोडच्या अशाच वापराबद्दल. त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. पण साधन हाताशी आले म्हणून सवय बदलत नाही. करोनाकाळात ‘निष्ठा’ ऑनलाइन झाले आणि प्रशिक्षणाचे मोजमाप प्रमाणपत्रांच्या संख्येवर आले. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी मिळण्यासाठी लागणारे प्रशिक्षणही २०२२ मध्ये ऑनलाइन घेतले गेले. पगारवाढ ज्या प्रमाणपत्राला बांधलेली असते, ते मिळविण्याची घाई होणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. दृश्यफीत पुढे ढकलून शेवटची प्रश्नावली सोडविणाऱ्या शिक्षकाला दोष द्यावा, की दृश्यफीत पाहिली यालाच शिकणे म्हणणाऱ्या रचनेला?

त्यातच सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे आवश्यक केले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला गेला. या निकालाच्या कायदेशीर बाजूविषयी येथे काही म्हणायचे नाही. परंतु पात्रता परीक्षा शिक्षकाला काय माहीत आहे एवढेच तपासते. ३५ हे उत्तर पाहून त्याचा हात लाल शाईकडे जातो की काड्यांकडे, हे बहुपर्यायी प्रश्नातून कळत नाही. आणि वीस वर्षे सेवा झालेला शिक्षक शाळा सुटल्यावर परीक्षेच्या मार्गदर्शिका घोकू लागला, तर त्याच्या तयारीच्या उरल्यासुरल्या तासांवर आणखी एक बोजा येतो.

पन्नास तासांच्या तरतुदीचा उपयोग करायचा ठरविले, तर हिशेब फार अवघड नाही. वर्षाला दहा शिक्षण परिषदा, प्रत्येकी तीन तास, फक्त अध्यापनासाठी, परिपत्रके वगळून. म्हणजे तीस तास झाले. उरलेल्या वीस तासांत शेजारच्या शाळेतील वर्ग पाहणे आणि आपला वर्ग दुसऱ्याला दाखविणे सहज बसते. केंद्रप्रमुखाची माहिती गोळा करण्याची कामे तालुक्याच्या कार्यालयाकडे द्यावी लागतील आणि तेथे लिपिकही नेमावे लागतील. जडवस्तू नोंदवहीत मुलांच्या वापराच्या साहित्यासाठी ‘वापरात झिजले’ असा रकाना घातला, तर त्यावर एक पैसाही खर्च होणार नाही. सुट्या वस्तूंसाठीचे पाचशे रुपये ज्या भावनेने दिले गेले होते, तशी एखादी छोटी रक्कम पावतीच्या जाचाविना थेट शिक्षकाच्या हाती पडणेही आवश्यक आहे, कारण साहित्याची गरज मार्चअखेरीस नव्हे, वजाबाकीचा पाठ चालू असताना पडते.

शहरांतील मंडळे, कंपन्यांचे सामाजिक निधी आणि माजी विद्यार्थी आज या शाळांना मदत करण्यास उत्सुक आहेत. बहुतेकांची पहिली पसंती मोठ्या पडद्याच्या दूरचित्रवाणी संचाला किंवा टॅब्लेटला असते, कारण त्यावर देणगीदाराचे नाव लिहिता येते. संच जरूर द्यावा. वीजबिल कोण भरणार, हेही त्याच वेळी विचारावे. पण देण्यापूर्वी एक दिवस त्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मागच्या बाकावर बसून पाहावे आणि तिथल्या शिक्षकांना विचारावे की, येत्या महिन्यात काय शिकवायचे आहे आणि त्यासाठी काय कमी पडते. उत्तर कदाचित गोष्टींची पातळ पुस्तके, एक चांगला छपाईयंत्र, शेजारच्या तालुक्यातील शाळा पाहण्यासाठी एका दिवसाचे जीपचे भाडे, असे काहीतरी येईल.